हत्तीची सोंड मी खाल्ली

रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
११ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

अलकनंदाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण माझ्या गुडघ्यांनी दिवाळीपासून साष्टांग बंद केला आहे, म्हणून नुसते हात जोडते. तुमचा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम स्वतः करता, की अजून बालवाडीत असल्यासारखा दुसऱ्यांना करायला लावून बघत बसता? नाशिकची थंडी सरली असेल. इथे सकाळी अजून दोन स्वेटर लागतात आणि दुपारी दोन्ही शोधावे लागतात.

तुमचे बंधू मजेत आहेत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण हाताची सवय गेलेली नाही. घरात काहीही झालं की त्याची फाईल उघडतात. (गळक्या नळाची फाईल माझ्या लग्नातल्या अल्बमपेक्षा जाड आहे.) सध्या टेबलावर ‘शार्दूल : नर्सरी’ अशी नवी फाईल आहे. कारण वन्सं, दिल्लीत तीन वर्षांच्या मुलाला शाळेत घालायचं म्हणजे आधी त्याची मुलाखत होते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईबापांचीही. विश्वास आणि पद्मजाने एकाच शाळेवर मन ठेवलं आहे. तिथे नर्सरीत एकदा पाऊल पडलं की बारावीपर्यंत काळजी नाही, असं विश्वासच्या ऑफिसात सगळे म्हणतात. दोन महिने घरात दुसरा विषय नाही. आणि पोरगं दिवसभर माझ्याजवळ, तेव्हा त्याला तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मीही मोठ्या तोऱ्यात म्हटलं, माझ्यावर सोडा.

पक्की बातमी अशी होती, की मुलाखतीत मुलाला रंगीत माती देतात आणि तो काय करतो ते बघतात. बाजारातल्या मातीला रॉकेलचा वास, आणि आमचा शार्दूल नावाचा वाघ असला तरी हातात येईल ते तोंडात घालणारा. म्हणून तर मी तुम्हाला कृती विचारली होती. तुम्ही उलट टपाली पाठवलीत. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर तुरटी, पाणी घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळणे. मीठ या शब्दाखाली दोन रेघा. मूल एकदाच चाखतं, पुन्हा तोंडाला लावत नाही, असंही लिहिलं होतंत.

पहिल्या दिवशी मी तंतोतंत तसंच केलं. करताना तुमची फार आठवण आली. लग्न होऊन मी आले तेव्हा मला कागदाचे गुलाब करता येत होते, रुमालाला नक्षीची किनार घालता येत होती, सिस्टर आग्नेसने शिकवलेली इंग्रजी प्रार्थना येत होती, आणि कणीक भिजवता येत नव्हती. तुम्ही शेजारी उभ्या राहून पाणी किती ते सांगत होतात, आणि तरी मी तांब्याभर ओतलंच. त्या दिवशी सगळ्यांनी पोळीऐवजी धिरडी खाल्ली. तुम्ही मामंजींना सांगितलंत की मला धिरडी खावीशी वाटली म्हणून करायला लावली. चाळीस वर्षं होत आली, पण मी ते विसरलेली नाही.

असो. शार्दूलने तुमची माती चाखली. रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे, आजीने दिलेली वस्तू अशी कशी निघाली, असा. वन्सं, तुम्ही तीस वर्षांत चारशे पोरं वाढवलीत, तुमचं काळीज त्या बाबतीत शास्त्रशुद्ध आहे. माझं नाही. दुसऱ्या दिवशी मी कणीक तुपावर भाजली, मिठाच्या जागी पिठीसाखर घातली आणि दुधात मळली. एका गोळ्यात बीट, एकात हळद, एकात पालकाचा रस. (तुमचे बंधू म्हणाले, याला आपल्याकडे लाडू म्हणतात.) सगळं बिघडलं ते इथेच, हे मी आधीच कबूल करते, म्हणजे तुम्हाला पुढे रेघा मारायला नकोत.

मग घरात पद्धतच पडली. शार्दूलने करायचं आणि आम्ही खायचं. विश्वासने दाढी करता करता आगगाडीचे डबे खाल्ले. पद्मजाने बस पकडायच्या गडबडीत एक गोगलगाय खाल्ली. तुमच्या बंधूंना साखर वर्ज्य आहे, त्यामुळे त्यांचा उत्साह सर्वांत दांडगा. रोज मांडी घालून समोर बसत आणि सांगत, आज हत्ती कर बरं का, चांगला मोठा. त्यामुळे पोराचा हत्तीवर हात असा काही बसला की विचारू नका. मातीचा कंटाळा आला की आम्ही काड्यापेट्यांची घरं करत होतो आणि भेंडी कापून रंगात बुडवून ठसे उठवत होतो. (कागदावर असं मी पद्मजाला सांगितलं होतं. तिची गुलाबी चादर अजून भिजत पडली आहे.)

मुलाखत गेल्या गुरुवारी होती. शार्दूल माझा पदर सोडेना म्हणून मलाही आत घेतलं. प्रिन्सिपॉलबाई चांगल्या होत्या, हसतमुख. आमच्या आधीच्या मुलीने सगळे रंग इंग्रजीत म्हणून दाखवले. याला नाव विचारलं तर हा पदरात. विश्वासच्या कपाळावर त्या थंडीत घाम. मग बाईंनी मातीची ताटली पुढे केली, आणि आमचा वाघ बाहेर आला. पाच मिनिटांत हत्ती उभा. कान, शेपूट, वर उचललेली सोंड. बाई खरोखर खूश झाल्या. “अरे वाह, कितना सुंदर हाथी।” विश्वासने पद्मजाकडे बघितलं. तेवढ्यात शार्दूलने हत्ती दोन्ही हातांनी उचलून बाईंसमोर धरला आणि म्हणाला, “खाओ।”

बाईंनी हत्ती ओठांजवळ नेला, मिटक्या मारल्यासारखं केलं आणि तो टेबलावर ठेवला. शार्दूलने टेबलाकडे बघितलं, मग बाईंकडे. “खाया नहीं।” बाई म्हणाल्या, बेटा, पेट भर गया. त्याचा खालचा ओठ हलायला लागला. माझ्याकडे वळून विचारतो, “आजी, हत्ती गंदा झाला?”

आता सांगा वन्सं, तुम्ही काय केलं असतं? (काय केलं असतं ते मला ठाऊक आहे, पण तुम्ही मुळात मीठ घातलं असतं.) मी सोंड मोडली आणि खाल्ली. चव मेणबत्तीसारखी, मागून डांबराच्या गोळ्यांची. गिळावीच लागली, कारण तो म्हणाला, “आ कर,” आणि तोंडात वाकून बघितलं. मग समाधानाने म्हणाला, “आता पाय.” पद्मजा पंख्याकडे बघत होती, तो बंद होता. बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. उठताना विश्वासला म्हणाल्या, “बच्चा बहुत प्यारा है, पर अभी घर से बहुत जुड़ा हुआ है।” मी मान खाली घातली. तोंड कसं करावं ते मला कळेना.

घरी आल्यावर पद्मजा एवढंच म्हणाली, “आई, नुसतं खाल्ल्यासारखं करायचं होतंत ना.” बिचारीचं चुकलं नाही. मग मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने काय खाल्लं ते विचारलं, आणि तुमच्या बंधूंनी मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, हाथी की सूंड. त्याने ते चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी फाईलला लागली आहे. बाकी मी ठणठणीत आहे.

शाळेची यादी वीस तारखेला लागेल. शार्दूलचं नाव प्रतीक्षा यादीत जाईल असं दिसतं. पोरगा आता माझ्या मांडीला टेकून झोपला आहे आणि मुठीत पिवळा गोळा आहे, म्हणून अक्षर असं वाकडं आलं आहे. आशीर्वाद पाठवा, तेवढेच टपालात चुरगळत नाहीत.

तुमची,
अलकनंदा

ता. क. : तुमच्या बंधूंची साखर वाढली. त्यांना लिहाल तेव्हा रागवा, माझं नाव घेऊ नका.

आणखी एक : उद्यापरवा विश्वासचं पत्र तुम्हाला येईल. त्या शाळेच्या कमिटीवर तुमच्या मैत्रीण हेमलताबाई आहेत, हे त्याला कुठूनतरी कळलं आहे. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहिल्यात तर काम होईल असं तो म्हणतो, आणि खरंच होईल.

आणि हे शेवटचं. वन्सं, त्या दोन ओळी जरूर लिहा, पण यादी लागून गेल्यावर. तो पुढच्या वर्षी जाणारच आहे, कुठल्या ना कुठल्या शाळेत. चार वर्षांपर्यंत घेतात, मी चौकशी केली आहे. आत्ता कुठे तीन पूर्ण झालीत. सकाळी सगळे गेले की हे घर त्याच्या आवाजाने भरलेलं असतं. एक वर्ष मला द्या. मुलगा आणि सून इतके धडपडताहेत आणि मी हे असं मागते आहे, त्याची लाज मला वाटते आहे. तुमच्या बंधूंना यातलं काही ठाऊक नाही.

ठाऊक आहे. मागे उभं राहून वाचत होते. त्यांचं म्हणणं, वीस तारीख धरून चालणार नाही, प्रतीक्षा यादी अठ्ठावीसपर्यंत उघडी असते. तेव्हा तुमचं पत्र एक मार्चच्या आधी पेटीत पडू नये.