कोरडं घर

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. टेम्पोवाल्याने कपाट उतरवताना दाराच्या चौकटीला घासलंच. त्याला दोन शब्द सुनावले आणि मग बरं वाटलं. चिमणी दारातच उभी होती. माझी धाकटी बहीण. साठी उलटली, केस पिकले, तरी घरात सगळ्यांची चिमणीच. माझं सामान बघून म्हणाली, माणूस येणार होतं की पलटण? मी सांगितलं की पाहुणी म्हणून आलेली नाही, राहायला आलेय, आणि चहात साखर कमी. ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. वर्षभरात फोनवर हे हसू ऐकलं नव्हतं. येण्याचा निर्णय बरोबर होता.

घर छान आहे. गल्ली उतरत उतरत नदीकडे जाते, तिच्या तळाशी शेवटून दुसरं. खाली स्वयंपाकघर, मोरी आणि पुढच्या खोलीत मेहुण्यांचं दुकान. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, धुलाईची यंत्रं, जे बिघडेल ते ते दुरुस्त करायचे. वर झोपायच्या दोन खोल्या, ऊन भरपूर. माझ्या खिडकीतून नदी दिसते. आत्ता तिच्यात फारसा जीव नाही, गुरं मधून चालत जातात.

गेल्या वर्षी तीच नदी या घरात शिरली. मेहुणे लोकांच्या वस्तू माळ्यावर चढवत बसले. चिमणी वरून हाका मारत होती आणि ते म्हणत होते, हा एवढा फ्रिज झाला की आलो. वस्तू सगळ्या वाचल्या, ते वर आलेच नाहीत. नंतर ज्याची त्याने, मान खाली घालून, नेल्या.

चिमणीचा स्वतःचा फ्रिज मात्र अजून जमिनीवरच आहे. पोटापर्यंत गाळाची रेघ, पुसलेली नाही. मी म्हटलं, उद्यापासून हे सगळं वर घ्यायचं. ती म्हणाली, उघडली हेडबाईंची शाळा.

८ मार्च, शनिवार

काम झोकात चाललंय. कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळण्यात माझी हयात गेली. ओल्या हाताने कुणी बटणाजवळ गेलं की माझा आवाज चढायचा, तो अजून उतरलेला नाही. फ्रिजखाली लोखंडी चौथरा आला. धुलाईचं यंत्र विटांच्या ओट्यावर चढलं. विजेची बटणं खांद्याच्या उंचीला नेली. इन्व्हर्टर जिन्याच्या वळणावर. मोरीच्या तोंडाला ठोकायला जाड रबरी बूच. दोन्ही दारांना छातीएवढ्या फळ्या, कडेला रबराची पट्टी. घर सोडताना बाहेरून फळी बसवायची आणि पान्याने नट आवळायचे. थेंब आत येणार नाही.

प्लंबर बोलका आहे. त्याने विचारलं की मावशी, तुम्हा दोघींनापण स्टँडवर चढवू का, पत्र्याचे पाय लावून देतो. चिमणी म्हणाली की ताईला नको, ती जन्मापासूनच एक पायरी वर उभी आहे. दोघं हसत सुटले. मी त्यांना हसू दिलं.

एक नवी वस्तू आणलीय. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, जमिनीवर ठेवायची. तिच्या तळाला ओल लागली की किंचाळते. अशा चार ठेवल्या. एक मुद्दाम ओल्या फडक्यावर ठेवून चिमणीला ऐकवली. तिने दोन्ही कान झाकले. म्हणाली, असं ओरडून बोलायची ह्यांना सवय नाही.

मी ते बोलणं सोडून दिलं. नवऱ्याचा विषय ती अजून तो शेजारच्या खोलीत बसल्यासारखाच काढते. इतक्या वर्षांची सवय आहे, जायला वेळ लागेल.

१३ मार्च, गुरुवार

जेवण होऊन भांडी घासत होते. दुकानातली डबी किंचाळली. जाऊन बघते तर मेहुण्यांच्या कामाच्या टेबलाखाली थाळीएवढं पाणी. गढूळ. वरून गळत नव्हतं, भिंत कोरडी, फरशीच्या सांधी कोरड्या. नुसतं मधोमध पाणी. नदीचा वास.

चिमणी टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली होती. डबी कानाशी कोकलत असताना जागची हललीही नव्हती. पाय पाण्यात होते. मी विचारलं, हे कुठून आलं, तर म्हणाली, येतं दुपारचं.

प्लंबरला बोलावलं. त्याने सगळ्या नळांना दाब देऊन बघितलं, वरच्या टाकीत डोकावला, भिंतीला कान लावला. गळती कुठेच नाही. म्हणाला की मावशी, तुमच्या घरासारखं कोरडं घर अख्ख्या गल्लीत नाही, हे पाणी तुम्हीच सांडलं असेल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा न घेता गेला.

पाणी पुसलं. पोछा पिळताना गाळ निघाला, आणि तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे. मोटर गुंडाळताना उरतात तसे.

१५ मार्च, शनिवार

आज दुपारी डबी वाजली नाही. वाजली नाही म्हणून खाली गेले. चारी डब्यांतले सेल काढून खिडकीत मांडलेले. टेबलाखाली पाणी परवापेक्षा मोठं. चिमणी त्यात पाय सोडून बसलेली आणि बोलत होती. अमक्याच्या पंख्याची पाती वाकडी झाली होती, तमक्या बाईने इस्त्री परत नेताना धड आभारही मानले नाहीत. असंच सगळं. मध्ये थांबायची, ऐकायची, हसायची.

मी रागावले. फार रागावले. म्हातारपणी पाण्यात बसून न्यूमोनिया ओढवून घ्यायचाय का, असं विचारलं. तिने शांतपणे सगळं सांगितलं. हे येतात. वर्षभर येतात, दुपारी, जेवणानंतरची त्यांची कामाची वेळ. उभे राहतात तिथे पाणी होतं. पहिल्यांदा चमचाभर होतं. तिने पुसलं नाही तेव्हा वाढलं. तिला भीती नाही वाटत. भीती फक्त माझ्या डब्यांची, ते बुजतात.

मग म्हणाली, ताई, तू सगळं उचललंस, माझी हरकत आहे का? पण थोडं पाणी राहू दे ना. तुझं काय जातं?

मी पाणी पुसलं, सेल परत घातले. ती जिन्यावर बसून मुक्याने रडत होती. पोछा मारत राहिले. दुसरं काय करायचं असतं?

१८ मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

धुलाईचं यंत्र बंद होतं. प्लग काढलेला, नळ बंद, पाइप भिंतीला टांगलेला, सगळं मीच केलेलं. दार उघडलं तर आत गढूळ पाणी, काठोकाठ. चिमणी ओट्याला टेकून उभी, कोपरापर्यंत हात आत, डोळे मिटलेले. मी तिला बाजूला ओढलं. निचऱ्याची जाळी तुंबली असेल म्हणून हात घातला.

आत हात होता.

त्याने माझा हात धरला. घट्ट नाही. ओळखीचं माणूस धरतं तसा. मधलं बोट अर्धंच. मेहुण्यांचं ते बोट तरुणपणी पंख्याच्या पात्यात गेलं होतं. मग त्याला कळलं की हा हात तिचा नाही. सोडून दिला. हळूच, ओशाळल्यासारखा.

मी किंचाळले असेन. चिमणी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, घाबरू नकोस ग, ते तुझा मान ठेवतात.

तिची बोटं पांढरी पडलीत, सुरकुतलीत. पुसली तरी कोरडी होत नाहीत. तिचं अंथरूण ओलं आहे. उशीही.

१९ मार्च, बुधवार

ठरलं. रविवारी हिला घेऊन मुलाकडे जायचं. चौथ्या मजल्यावर राहतो. मुलाला फोनवर सांगितलं की मावशीची तब्येत बरी नाही. अधिक काय सांगणार? चिमणी लगेच हो म्हणाली. वाद नाही, टोमणा नाही. स्वतःहून साड्या काढून ठेवल्या. मला हायसं वाटलं.

रात्री तिच्या केसांना तेल लावलं. लहानपणी लावायचे तसं. केस चिंब होते. तेल तरंगत राहिलं.

२४ मार्च, सोमवार

लिहायला हवं. क्रमाने लिहायला हवं.

काल सकाळी टॅक्सी आली. सामान ठेवलं. चिमणीला पुढच्या सीटवर बसवलं, म्हणजे तिला मळमळत नाही. घर बंद केलं. मोरीचं बूच ठोकलं. मागची फळी बाहेरून आवळली. फेरा घालून पुढे आले. पुढच्या दाराची फळी बसवली, पान्याने नट आवळले. मला सैल चालत नाही. फळीच्या वरून हात घालून दार ओढून घेतलं. पाना बॅगेत टाकला, बॅग डिकीत.

पुढची सीट रिकामी होती. मी मागे होते तेव्हा ती उतरून आत गेली होती. ड्रायव्हर म्हणाला, आजी चष्मा विसरल्या म्हणून गेल्या, तुम्हाला सांगून येते म्हणाल्या.

आत चारी डब्या एकदम वाजल्या. मग एक बंद. मग दुसरी. पाण्याखाली गेल्या.

दुकानाच्या खिडकीला गज आहेत. गजांतून बघितलं. ती टेबलाखाली बसली होती. दारात नवऱ्याची वाट बघत बसायची तशी, पाय जवळ घेऊन. पाणी गळ्याशी. मी हाक मारली. ओरडले. शिव्या दिल्या. आयुष्यात कधी दिल्या नाहीत त्या दिल्या. तिने वर बघितलं. ताई, तू जा पुढे, म्हणाली. तिच्या खांद्यावर हात होता.

फळीवरून दार ढकललं, आतल्या पाण्याने ते दाबून धरलं होतं. डिकी उघडेना. मग उघडली. पाना सापडेना. मग सापडला. नट निघेनात. ड्रायव्हर लाथा मारत होता. पाणी आत फळीच्या काठापर्यंत आलं होतं. बाहेर उंबऱ्यावर थेंब नव्हता. रस्ता कोरडा. समोरच्या घरावर कपडे वाळत होते.

एक थेंब बाहेर आला नाही. माझं काम चोख होतं.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, बुडून. पोलीस साहेब म्हणाले, कुठल्या पाण्यात? कुणी तरी म्हणालं, टाकी फुटली असेल. टाकी भरलेली आहे. मी दाखवली. त्यांनी तरी तेच लिहिलं.

प्लंबर येऊन उंबऱ्यात बसून रडला. मावशी, मी रबर चांगल्यातलं लावलं होतं, एवढंच म्हणत राहिला.

मुलगा म्हणतो, चल. त्याला सांगितलं, आवरून येते. तो गेला. रविवारी न्यायला येणार.

आवरायला काही नाही. फ्रिज वाळवला, चालू आहे. यंत्र चालू आहे. इन्व्हर्टर, मिक्सर, सगळं चालू. सगळं वाचलं.

२८ मार्च

दुपारी डबी वाजली. स्वयंपाकघरातली. वाळवून सेल घातले होते.

पाण्याचा ठिपका. चमचाभर.

पोछा आणला. खाली बसले. पाण्याला नदीचा वास नव्हता. खोबरेल तेलाचा होता. वर तवंग –

पोछा परत ठेवला.

२९ मार्च

चारी सेल काढले. ती दचकते.

ती बोलत नाही अजून. नुसती असते. मीच बोलते. सांगितलं की तू मूर्ख आहेस. लहानपणापासून मूर्ख. आणि मी नट एवढे का आवळले. चष्मा पाठवून दिला असता, ग. सांगायचं तरी –

पाय गार पडलेत. बरं वाटतं.

मेहुणे नाहीत. एकटीच येते. त्यांना दुकानात बसवून आली असेल.

३० मार्च, रविवार

सकाळीच फळ्या बसवल्या. आतून. मोरीला बूच. उगाच कमी पडायला नको.

फ्रिज चौथऱ्यावरून खाली ओढला. तिला उंच होतो.

मी ओट्यावर बसून लिहितेय. पाणी गुडघ्याला लागलं. दुपार व्हायच्या आधीच आलं. घाई असते तिला. ताई म्हणाली. आज पहिल्यांदा म्हणाली. तोंडात पाणी असल्यासारखं, पण म्हणाली –

दारावर धक्के. मुलगा आलाय. प्लंबरलाही आणलंय. फळी काढ म्हणतोय. आई, आई करतोय. रडतोय बहुतेक. मोठा झाला तरी –

कमरेपर्यंत.

त्याला ओरडून सांगितलं, थांब जरा, बाळा. अशी ओली कुठे नेऊ हिला. तुझ्या मावशीचे केस पुसते, कोरडे झाले की दोघी –