मसणवटीतला सेहेचाळीस नंबर

१४ जून १९३२, अकोला

आज साहेबांनी ओळी वाटल्या. मसणवटीच्या उगवतीकडच्या कडेच्या बारा ओळी माझ्या सोबतच्या सूर्यभानला, मधल्या बारा मला.

मसणवट हे मजुरांनी ठेवलेलं नाव. सरकारी शेतातला हा मर रोगाचा तुकडा. इतर लोक मेलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घालतात, आम्ही तोडून इथल्या मातीत गाडतो, म्हणजे रोग मुरतो. मग त्यातच नवी कपाशी पेरायची. जी झाडं जगतील त्यांचं बी धरायचं.

कडेला रोग कमी असतो, हे शेतातलं कुत्रंसुद्धा सांगेल. साहेबांपुढे बोललो नाही. बोललो असतो तर जळका ठरलो असतो. आहेच मी जळका — पण ते इथे लिहायला हरकत नाही.

२ जुलै

सूर्यभानचा सेहेचाळीस नंबरचा वाण दाट उगवला.

त्याचं मूळ झाड आमच्या भातकुलीच्या वावरातलं! दोन वर्षांपूर्वी मीच सूर्यभानला घरी नेलं होतं. पाच एकर कपाशी वाळून खराट्यासारखी उभी. मी बाबांना नागपुरात शिकलेलं सगळं ऐकवत होतो — बुरशी मातीतून मुळात शिरते, झाडाचं पाणी कोंडते. हा चौथी पास माणूस नुसता ओळींतून हिंडत होता. मग त्यानं हाक मारली, "उत्तमराव, हे एक झाड मेलं नाई. कावून?"

त्या झाडाजवळून मी तीनदा गेलो होतो. बाबांनी त्याची बोंडं तोडून सूर्यभानच्या उपरण्यात बांधून दिली. मला विचारलंही नाही.

१० ऑगस्ट

माझ्या ओळी पिवळ्या पडू लागल्या. त्याच्या नाहीत.

१९ ऑगस्ट

माझं एक झाड उपटून खोड उभं चिरलं. आत काळी रेघ. दुसरं चिरलं, तेच. तिसरं चिरलं नाही.

बाबांनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं आहे. "औंदाही कपाशी पेरली नाई, जवारीच पेरली. सूर्यभानच्या बियाण्याची वाट पाहून रायलो." सूर्यभानच्या! मुलगा शेतीखात्यात आणि बाप वाट पाहतो दुसऱ्याच्या बियाण्याची.

जेवताना माझी बायको शकुन म्हणाली, "सूर्यभानभाऊजींच्या ओळी पायल्या म्या. काय हिरव्या हायेत." मी म्हटलं, भाजीत मीठ नाही. मीठ होतं.

३१ ऑगस्ट, पोळा

केलं.

दुपारी सगळे बैल सजवण्यात गुंतले. सूर्यभान जोडी घेऊन तोरणाकडे निघाला, तसा मी माझ्याच मेलेल्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन त्याच्या ओळींत शिरलो. विळ्यानं बारीक तुकडे केले, खुरप्यानं मुळं उकरली, थोडी जखमी केली आणि तुकडे मुळाशी दाबले. बाराही ओळी. मध्येच घुंगरांचा आवाज आला. थांबलो, पाहिलं, कुणी दिसलं नाही.

मनाशी म्हणत होतो, कडेची सोपी जागा मिळाली होती, आता खरी परीक्षा होईल. हे खोटं आहे. मला त्याची झाडं मारायची होती.

संध्याकाळी शकुननं पुरणपोळी वाढली. एकच खाल्ली.

२ सप्टेंबर

बाबा सेहेचाळीसचीच वाट पाहत आहेत, हे मला पोळ्याच्या दिवशी आठवलं नव्हतं का? आठवलं होतं.

२२ सप्टेंबर

त्याच्या ओळींत सात झाडं माना टाकून उभी. मला आनंद झाला. सूर्यभान एकेक झाड हातात घेऊन बघत होता, घरच्या आजारी माणसासारखं. दुपारी माझ्याशेजारी भाकर खायला बसला आणि म्हणाला, "पाहू, किती तग धरते." आपल्या भाकरीवरचा ठेचा त्यानं मला दिला. मी घेतला.

१५ ऑक्टोबर

सातची अकरा झाली, आणि थांबली. बाकी सगळी उभी! बोंडांनी वाकली आहेत. माझ्या बारा ओळींत मिळून चार झाडं उरली.

१० डिसेंबर

साहेब आज मोजणीला आले. म्हणाले, कडेला रोग नसतो, या ओळी मी धरणार नाही. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी सेहेचाळीसचं एक झाड मुळासकट खणवलं. मुळाला काळे कुजके तुकडे चिकटलेले. दुसरं खणवलं. तसंच.

"इथं मुळाशी पऱ्हाट्या कुणी गाडल्या?"

सूर्यभान शांतपणे म्हणाला, "हाय नोंद, सायेब. आणून देतो."

साहेब खूष. इतका रोग मुळाशी असून झाड उभं, म्हणजे बियाणं पक्कं!

नोंद? कसली नोंद? थाप मारली त्यानं. म्हणजे याचंही श्रेय तोच घेणार! गाडल्या मी, घाम माझा, पाप माझं — आणि नाव त्याचं. दिवसभर याच विचारानं जळतो आहे.

१२ डिसेंबर

आज साहेबांच्या टेबलावर सूर्यभानची वही उघडी होती. त्याचं ते वाकडंतिकडं अक्षर, शाई जुनी, फिकी पडलेली —

"३१ ऑगस्ट, पोळा. नंबर ४६. रोगट पऱ्हाट्या मुळाशी गाडून जादा परीक्षा. गाडणारे — उत्तमराव."

खाली नव्या शाईत, "पहिलं बियाणं भातकुलीला."

म्हणजे पोळ्याची ती घुंगरं त्याच्याच जोडीची, त्याच दिवसापासून त्याला ठाऊक होतं. आणि रोज दुपारी माझ्याशेजारी बसून भाकर खात होता.