सागवानी पेटी, नग एक

३ फेब्रुवारी २००२, आलापल्ली
नवी डायरी. जुनीत कविता होत्या, त्या उधईनं खाल्ल्या. उधईची टेस्ट चांगली आहे. आता कविता बंद. ह्या डायरीत फक्त फॅक्ट.

फॅक्ट एक. आज प्रॅक्टिस झाल्यावर कुलदीपनं सगळ्यांसमोर सांगितलं की अमर, तुह्या गिटारचा बेस ऐकूच येऊन नाई राह्यला. ऑर्केस्ट्रा त्याचा आहे, त्याले बोलाचा हक्क आहे. मी म्हटलं बेस ऐकाची गोष्ट नाई, जाणवाची गोष्ट आहे. तो म्हणे मले जाणवूनबी नाई राह्यला. कीबोर्डवाला सुरेंद्र हसला. हसनच. त्याचा डावा हात कीबोर्डवर बेस वाजवते. सगळं दुखणं त्या डाव्या हाताचं आहे.

फॅक्ट दोन. जीपमध्ये नऊ जण बसतेत. आम्ही दहा आहो.

फॅक्ट तीन. १४ एप्रिलले गडचिरोलीत जयंतीचा मोठा प्रोग्राम आहे. तवापर्यंत माझा बेस ऐकू आला तर मी ऑर्केस्ट्रात. नाई तर डावा हात.

सत्तर दिवस आहेत. लय झाले.

७ फेब्रुवारी, चंद्रपूर
नेट कॅफे. जुन्या बेस अॅम्पवर एका गोऱ्या माणसाचा लेख सापडला. तो म्हणते आजकालचे अॅम्प म्हणजे रेडिओ. खरा आवाज जुन्या, वजनी, वाल्ववाल्या अॅम्पमध्ये. वाल्व म्हणजे काचेचे बल्ब, तापले की आवाज गोल होते. वाचतानी अंगावर काटा आला. हा माणूस मले ओळखते.

प्रिंट काढले. पान तीनच्या शेवटी लिहिलं आहे की सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पीकरच्या पेटीचं लाकूड, आणि ते लाकूड म्हणजे. इथी पान संपलं. पान चार छापतानी लाईट गेली. एक तास थांबलो, मग बस चुकली असती म्हणून निघालो.

बसमध्ये विचार केला. आलापल्लीच्या माणसाले लाकूड कोणतं हे इंटरनेटनं सांगावं का?

१२ फेब्रुवारी
बल्लारपूरले भैयाजींकडे गेलो. सत्तरच्या सालात त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, आता रेडिओ-टेप दुरुस्त करतेत. ताडपत्रीखालून विलायती अॅम्प काढला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. चार वाल्व. मागं पंधरा इंची स्पीकर, पोत्यात. त्याची मूळ पेटी उधईनं खाल्ली. (टेस्ट!)

भैयाजी म्हणे बेटा, चालू केल्यावर पाच मिनिट थांबाचं. बुढा माणूस आहे, उठाले वेळ लागते. घाई केली तर बोलत नाई.

बदल्यात सायकल दिली, अॅम्प आणला. कंडक्टरनं अॅम्पचं फुल तिकीट फाडलं. मी भांडलो नाई. मले अभिमान वाटला.

१३ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं सायकल कुठी आहे. मी अॅम्प दाखवला. त्यांनी वरून एकदा हातानं दाबून पाह्यला. मग म्हणे याच्यावर बसून बाजारात जाता येते का?

बाबा वनविभागाच्या डेपोत क्लार्क आहेत. एकतीस वर्षं. समोर डोंगरासारखा साग पडला असते आणि आमच्या घरी लोखंडी पलंग, पत्र्याची आलमारी, आंब्याचा पाट. बाबा म्हणतेत आपल्या घरात सागाची काडीबी दिसली नाई पाह्यजे, लोक म्हणतीन डेपोतून आणली. वनरक्षक भरतीचा फॉर्म आणून ठेवला आहे. मी तो अॅम्पखाली ठेवला. अॅम्प हलत होता.

१८ फेब्रुवारी
पेटीसाठी लटारू सुतार पक्का केला. त्याच्या पडलेल्या घराचे सागाचे दारं आहेत, साठ वर्षांचे. मी त्याले सांगितलं की जुनं लाकूड म्हणजे जुना आवाज. तो म्हणे भाऊ, ह्या दाराचा आवाज मले माहीत हाय, लय कुरकुरते.

बदल्यात त्याच्या पोरीच्या लग्नात आमचा ऑर्केस्ट्रा फुकट. कुलदीपले अजून सांगितलं नाई. योग्य वेळी सांगीन.

संकल्प: रोज सकाळी दोन तास रियाज.

१९ फेब्रुवारी
रियाज नाई. पेटीशिवाय रियाज म्हणजे अर्धा रियाज.

६ मार्च
लटारू इचारते जाडी किती ठेवू. मी म्हटलं जेवढी आहे तेवढी. तो म्हणे भाऊ, दीड इंचाच्या पाट्याइची पेटी, याच्यात अख्खा माणूस बसते. कोणी मरून राह्यलं का तुमच्या घरी? माझ्या डोक्यात व्हिजन आहे, त्याच्या डोक्यात मढं. आर्टिस्ट आणि कारागीर यांच्यात हाच फरक.

१७ मार्च
पेटी आली. बैलगाडीवर. चार जणांनी उतरवली, पाचव्यानं शिव्या दिल्या.

स्पीकर बसवला. स्विच ऑन. पाच मिनिट थांबलो. वाल्व नारंगी झाले, जसं फुंकणीनं चुलीतला निखारा. मग मी खालची तार छेडली.

काय लिहू. आईच्या मांडणीवरचे तीन ताटं पडले. खिडकीचे गज बोलले. माझ्या पोटात कोणीतरी दार उघडलं. हाच तो आवाज. गोऱ्या माणसानं ऐकला असता तर रडला असता.

शेजारच्या सुगंधाबाई कमरेले पदर खोचून आल्या. म्हणे काय करून राह्यला बाबू, माही कोंबडी खुराड्यातून उडून छपरावर बसली. मी म्हटलं बाई, हा लो फ्रिक्वेन्सी आहे. त्या म्हणे असन, पण ते अंडे देत होती.

२३ मार्च
सुगंधाबाई रोज सकाळी कुंपणावरून सांगतेत की आजबी नाई दिलं. आता त्यांच्या बेरजेत सहा अंडे माझ्या नावावर आहेत.

रियाज बंद ठेवावा लागला. कारण शेजारधर्म.

७ एप्रिल
आज ऐतिहासिक दिवस. कुलदीप घरी आला. सुदैवानं लाईट होती. मी दोनच सूर वाजवले. तो पेटीवर हात ठेवून उभा राह्यला. मग म्हणे बरं हाय रे. घे जीपमध्ये. पण पेटी तू उचलशीन, मी नाई.

मी जिंकलो. डाव्या हाताचं काम खलास.

जेवतानी बाबा म्हणे टीपी काढली का? टीपी म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना. मी म्हटलं बाबा, ते लाकूड नाई, वाद्य आहे. बाबा म्हणे जुना असो का नवा, साग रस्त्यावर आला की टीपी लागते. लटारूले सोबत घे, घराचा दाखला जोड, अर्ज दे, पाच दिवसांत मी स्वतः पाठपुरावा करतो. मी म्हटलं हो.

८ एप्रिल
अर्ज लिहाले बसलो. मालाचे वर्णन ह्या रकान्यात काय लिहाचं? 'लाकूड' लिहिलं तर कलेचा अपमान. उद्या लिहीन.

१३ एप्रिल
अर्ज राह्यला. तबल्याची टीपी लागते का? नाई. हार्मोनियमची? नाई. मग झालं. वनविभागाच्या नाक्यावरबी माणसंच असतेत, समजावून सांगता येते.

१४ एप्रिल, सकाळी ११
निळा शर्ट. पेटी जीपच्या मागं चढली. जीप मागून बसली, पुढून उठली. सुरेंद्रचा कीबोर्ड त्याच्या मांडीवर. त्याचा चेहरा पाहून बरं वाटलं.

दुपारी ३.४०, नाका
थांबवलं. गार्डनं मागचा पडदा वर केला, हे काय हाय म्हणे. मी म्हटलं स्पीकर कॅबिनेट. तो म्हणे पलंग असता तर समजलं असतं, आलमारी असती तर समजलं असतं, हे काय हाय? पाट्याइले चार स्क्रू मारून पेटी म्हणून नेणारे लय पाह्यले मी. पुलापल्याड गेले की स्क्रू काढते अन् पाट्या इकते. कुलदीप म्हणे भोक पहा ना साहेब, मध्ये भोक हाय. गार्ड म्हणे तेच तर. भोक पाडून मले येडा बनवून राह्यले.

मी शेवटचं हत्यार काढलं. डेपोतल्या वामनरावचा पोरगा आहो, जयभीम. गार्डचा चेहरा उजळला. जयभीम म्हणे. वामनरावचा का? मंग तर अजिबात नाई. तुह्या बापानं माह्या साल्याची चौकट सोडली नवती. मी सोडली तर तेच माह्यावर रिपोर्ट करतीन.

३.५२
तोडगा निघाला. गार्ड म्हणे वाजवून दाखव. वाजली तर वाद्य, नाई वाजली तर लाकूड.

ह्याच्याहून चांगली व्याख्या मी कॉलेजात ऐकली नाई.

३.५५
नाक्याच्या खोलीतून वायर आणली. स्विच ऑन. कुलदीप म्हणे वाजव. मी म्हटलं पाच मिनिट. तो म्हणे काऊन? मी म्हटलं बुढा माणूस आहे.

३.५७
गार्डनं स्टूल घेतला. मागं चार ट्रक लागले, ड्रायव्हर खाली उतरून गोल करून उभे. सुरेंद्रबी उतरला. बेसले एवढी ऑडियन्स आजवर कधी नवती.

३.५९
वाल्व नारंगी. पेटीतून बारीक हूं आला. गार्डनं कान पुढं केला. आणखी एक मिनिट.

४.००
लाईट गेली.

४.१५
भारनियमन, सहा वाजेपर्यंत. कुलदीप म्हणे पेटी राहू दे, गिटार घे अन् बस, कीबोर्डच्या स्पीकरमध्ये लावू. मी म्हटलं पेटीशिवाय बेस नाई. तो म्हणे अमर, लोक वाट पाहून राह्यले, जयंती हाय, बस मुकाट्यानं. दोनदा म्हणला. तिसऱ्यांदा नाई म्हणला. आम्ही चौघांनी पेटी उतरवली. जीप पुढून खाली आली, सरळ झाली, गेली.

काही बिघडलं नाई. सहाले लाईट येईल, वाजवून दाखवीन, ट्रक पकडीन, आठले स्टेजवर. प्लॅन पक्का.

६.४०
लाईट आली. पण काजव्याएवढी. सगळ्या गावाचे पंखे एकदम चालू झाले असतीन. वाल्व लालसुद्धा नाई झाले. पाच मिनिट थांबलो. दहा. वीस. तार छेडली. तारेचाच आवाज, मच्छराएवढा.

गार्डले वाईट वाटलं. चहा पाजला. मग पंचनामा लिहिला. स्पीकर, अॅम्प मले परत. पेटी जप्त.

१६ एप्रिल
जप्त माल आमच्याच डेपोत येते. विभागाच्या ट्रकमध्ये पेटीवर बसून आलो.

बाबांनी रजिस्टर उघडलं. माझ्याकडं पाह्यलं नाई. लांबी म्हणे. मी सांगितली. त्यांनी तरीबी टेप लावून मोजली. रुंदी. उंची. कोपरे पाह्यले, सांधे पाह्यले, भोकात हात घालून फिरवला. माझ्या कोणत्याच वस्तूकडं बाबांनी एवढा वेळ पाह्यलं नवतं, मार्कशीटकडंबी नाई. मग बोटानं एकदा ठोकलं. ऐकलं. आणि लिहिलं:

सागवानी पेटी, नग एक. मध्ये गोल भोक, व्यास पंधरा इंच. कारागिरी बरी.

साहेब म्हणे वामनराव, कारागिरी कोणी इचारली, खोडा ते. बाबा हो म्हणाले. खोडलं नाई.

घरी येतानी रस्त्यात फक्त एवढं बोलले, की मी आठ दिवस अर्जाची वाट पाह्यली रे.

२१ एप्रिल
सुरेंद्र भेटला. मी विचारलं प्रोग्राममध्ये बेसची कमी जाणवली असन ना. तो म्हणे कोणाले? मग म्हणे कुलदीपनं तुह्या सीटवर धुराची मशीन ठेवली. लोकाइले लय आवडली.

धूर! तीस वर्षांनी धूर कोणाच्या लक्षात राहीन?

लटारूच्या पोरीचं लग्न २० मेले आहे. कुलदीपले सांगाची योग्य वेळ निघून गेली असं वाटते.

८ मे, चंद्रपूर
नेट कॅफे. पान चार छापलं. 'ते लाकूड म्हणजे प्लायवूड. पातळ थरांचं, हलकं. भरीव लाकडाच्या नादी लागू नका, वजनाशिवाय काही हाती लागत नाई.'

दोनदा वाचलं. लेखकानं साग पाह्यला नसावा.

२० मे
लटारूच्या मांडवात एकटाच गेलो, गिटार घेऊन. अॅम्प नाई नेला. तीन तास वाजवलं. नवरदेवाच्या मामानं विचारलं हा पोरगा कवापासून ट्यूनिंग करून राह्यला?

२७ मे
वनरक्षकाचा फॉर्म अॅम्पखालून काढला आणि भरला. अॅम्प पुन्हा हलते. आईनं त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवली आहे. पाच किलोमीटर पळाची टेस्ट असते. सायकल असती तर प्रॅक्टिसले बरं पडलं असतं.

११ जून
डेपोत किरकोळ लिलाव झाला. पेटीवर कोणी बोली लावली नाई, चार जणांनी उचलून पाहूनच सोडली. शेवटी जळाऊ लाकडाच्या बिटात, म्हणजे ढिगात, टाकली. ते बीट सुगंधाबाईंनी घेतलं.

संध्याकाळी कुंपणापाशी गेलो. पेटी जाळली असन म्हणून पाहाचं नवतं, पण पाह्यलं. त्यांच्या छपरीखाली उभी होती, भोक समोर. बाई म्हणे बाबू, रात्री भोकावर परात लावली की तुह्या पेटीत मुंगूस घुसत नाई, पावसाचं पाणी घुसत नाई, कोणाच्या बापाले पलटत नाई. असं खुराडं मी जन्मात नाई पाह्यलं. छपरावरची कोंबडी आपल्या पायानं आत जाऊन अंड्यावर बसली होती.

मी वाकून भोकात पाह्यलं. कोंबडी चिडली. आतून घोगरी, एकदाच बोलली.

मी पुन्हा डोकं घातलं. पुन्हा बोलली. खाली, पोटात, गोल. एवढ्याशा कोंबडीचा एवढा खोल आवाज. प्लायवूडमध्ये हे होऊच शकत नाई. पान चार चुकीचं आहे, आज सिद्ध झालं.

सुगंधाबाईंना म्हटलं बाई, मले ही पेटी परत पाह्यजे, कुलदीपले ऐकवतो. त्या म्हणे घेऊन जाजो, पण कोंबडी उठल्यावर. एकवीस दिवस लागतेत.

एकवीस दिवस. ठीक आहे. बुढा तापाले पाच मिनिट घेत होता, हिले थोडा जास्त वेळ लागून राह्यला.