माळावरच्या घारी

२ मार्च
पोचले एकदाची. उदगीरहून एसटी, आणि फाट्यापासून वनमजूर नरसिंगमामांची मोटारसायकल. मांडीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण, तोंडात धूळ. लातुरातून निघताना आईनं विचारलं, पुन्हा सहा महिन्यांचंच काम का गं? हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
पण माळ बघितला आणि शीण उतरला. अर्धा काळा, अर्धा पिवळा. जानेवारीत वणवा लागला होता. शिकारी पक्ष्यांचं काय झालं ते बघायला मला पाठवलंय. जळलेल्या बाजूला आता सोलरच्या प्लेटा बसायल्यात. उरलेल्या गवतावर भोवत्या नावाचा शिकारी पक्षी घिरट्या घालतो, आणि एका बाभळीवर सापमार गरुडाचं घरटं आहे. मादी अंड्यावर बसलेली. फार दिवसांनी मनापासून हसले.
राहायला गावाच्या कडेला बसम्मांकडे मागची खोली आहे. एकट्याच असतात, गुडघे गेलेत, काठीशिवाय उठवत नाही. नाव विचारलं. बुद्धप्रिया म्हटलं, आडनावही सांगितलं. त्यांनी स्वतःच्याच पेल्यात चहा ओतून मला दिला.

७ मार्च
ऊन सोसवत नाही. सकाळी माळ, दुपारी झोप, संध्याकाळी परत माळ. गरुडाचा नर साप घेऊन येतो, अर्धा चोचीबाहेर लोंबता. ते बघितलं की बरं वाटतं.
घारी मात्र फार आहेत. कुंपणाच्या खांबाखांबावर. नरसिंगमामा म्हणाले, आग लागली तशा आल्या, त्या गेल्याच न्हाईत. साहजिक आहे, आगीपुढे उंदीर, सरडे, नाकतोडे पळतात आणि घारींची चंगळ होते. पण आता काळ्या मातीत पळायला काही उरलं नाही. घारी वाळल्यात. छातीचं हाड दिसतं.

११ मार्च
उरलेलं गवतही पेटलं. भर दुपारी, आसपास कुणी नसताना. मामांनी शेजारच्या गावच्या मेंढपाळांना शिव्या घातल्या. आम्ही फांद्यांनी आग झोडपली. हात भाजले. काही वाचलं नाही.

१२ मार्च
बाभळीपाशी गेले. सापमारची मादी घरट्यावरच होती. उठली नव्हती. पंख पसरून अंड्यावर तशीच, कोळसा झालेली. नर वर घिरट्या घालत होता. मी राखेत बसले. रडायचं होतं, पण तेवढंही अंगात नव्हतं.

१६ मार्च
हे मी पाहिलं. उन्हाचा भास नव्हता.
बांधावर कुणीतरी तुराट्या पेटवल्या होत्या. एक घार खाली आली, धुमसती काडी पायांत धरून उडाली, आणि नरसिंगमामांच्या वाळलेल्या करडईत ती काडी टाकली. मग दुसरी. मग चार-पाच. करडई भडकली, आतून ससा निघाला, उंदीर निघाले. घारींनी एकेक उचलला.
मामा ओरडत धावले. त्या मामांवर तुटून पडल्या. डोक्यावर, डोळ्यांवर. मी हाका मारत राहिले. ते पडले, निपचित झाले, तेव्हा घारी उठल्या. पडलेल्या माणसाकडे एकीनंही पाहिलं नाही.

१८ मार्च
मामांचा डावा डोळा गेला. उदगीरच्या दवाखान्यात पडून आहेत. हळू बोलले, म्हणाले, म्याडम, उभा होतो तवर एकीनं बी हात लावला न्हाई. पळालो अन् आल्या.
मला इथं पाठवणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, थकलीयस तू, उन्हातान्हात काहीबाही दिसतं, फोटो पाठव. थकलेय हे खरं आहे.

२० मार्च
निम्मं गाव नातेवाइकांकडे गेलं. मीही निघाले असते, पण बसम्मा हलत नाहीत. पोरगा चन्नबसप्पा हैदराबादला, फोन उचलत नाही. त्यांना मोटारसायकलवर बसवत नाही. परवा एक जीप येणार आहे. परवापर्यंत.
शेतं जळाली. माळ जळाला. आता त्या घरांवर बसतात. पत्र्यावर नख्या वाजतात. ओरडत नाहीत. नुसत्या दाराकडे बघतात.

२१ मार्च
शेजारच्या गुरुबसप्पांचा गोठा पेटला. शेळ्या बाहेर पळाल्या —
नाही लिहवत.

२२ मार्च, दुपार
जीप नाही आली. मागची कडब्याची गंज पेटलीय. धूर खोलीत. पत्रा तापलाय. पुढच्या दारानंच जावं लागणार —
सरांना पटावं म्हणून लिहून ठेवते. बसम्मा गोधडी भिजवायल्यात. मी सांगितलं, अम्मा, पळायचं नाही. गोधडी घेऊन हळू चालायचं, धरून नेते.
त्या म्हणाल्या, मला धरून तू कवा पोचणार? छत तवर ऱ्हाईल का?
दार उघडलं. भिंतीवर, हौदावर, वेशीच्या दगडावर — सगळीकडं. एकही हलत नाही.
अम्मा गोधडी माझ्याच अंगावर टाकतायत. म्हणाल्या, म्या पळते. समद्या माझ्या मागं येतेल. तू सावकाश जा, मागं बघू नको.
नाही म्हटलं. ओरडले. हात धरला, सुटला —
काठी टाकली त्यांनी — अम्मा, थांबा — उंबरा ओलांडला — गुडघे — पळायल्यात, खरंच पळाय