नव्वद मिनिटांचा निबंध

२ एप्रिल
एक तास बावन्न मिनिटं. म्हणजे बावीस मिनिटं जास्त. अधिकारीपदाच्या मुख्य परीक्षेत तीन तासांत दोन निबंध लिहायचे आहेत. एकावरच एवढा वेळ गेला तर दुसरा निम्मा राहणार.

दापोलीला क्लासमध्ये आत्माराम सर म्हणाले, "मनस्वी, तू पहिल्या मिनिटाला लिहायला बसतेस, तिथेच चुकतंय. पहिली दहा मिनिटं पेन खाली. मुद्दे काढ, शेवट ठरव, मग सुरुवात." अजून एक – जवळचा विषय घ्यायचा नाही. माणूस त्यात रमतो आणि वेळ जातो.

परतीच्या एसटीत उभी होते. हर्णैला पोचेपर्यंत शेवट कसे करायचे तेच डोक्यात.

५ एप्रिल
आजचा विषय सरांनी दिलेला – घरातला हिंसाचार आणि कायदा.

साडेचारला बसले. दहा मिनिटं मुद्दे. पाचच्या सुमारास निलेशदादा बंदरावरून आला, पिऊन. मधल्या पत्र्यापलीकडे सुरू झालं. आधी भांडं आपटलं, मग वहिनीचा आवाज, "केसांना नको, केस सोडा." मग पट्टा. पट्ट्याचा आवाज मला ओळखू येतो. पुढच्या पडवीत आप्पांनी टीव्ही मोठा केला.

मी लिहीत राहिले. कलमं लिहिली, टक्केवारी लिहिली. 'समाजाची उदासीनता' असा एक परिच्छेदसुद्धा लिहिला.

अठ्ठ्याऐंशी मिनिटं. पहिल्यांदाच वेळेत झालं.

उठून आत गेले तर वहिनी चुलीपुढे तांदूळ निवडत होती. ओठ फुटलेला. मला म्हणाली, "झाला गो लिहून?"

६ एप्रिल
सरांचा शेरा – 'बांधणी उत्तम. उदाहरणं मात्र पुस्तकी वाटतात.'

९ एप्रिल
डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं.

काल दादाने माझ्या वह्या मागच्या विहिरीत टाकल्या. मी आडवी गेले. "सायबीण व्हायचीय काय? बापाने लाडावलीय," असं म्हणत त्याने मला उंबऱ्यावर पाडलं आणि दार लोटलं. उजवा हात फटीत होता. त्याला दिसत होता. त्याने दार परत एकदा लोटलं.

अंगठा आणि पहिलं बोट काळंनिळं. हाड मोडलेलं नाही, डॉक्टर म्हणाले. "कसं लागलं?" आप्पाच पुढे होऊन बोलले, "दारात सापडला."

आई असती तर, असं मनात आलं. पण आई होती तेव्हा आप्पाही तिला असंच मारायचे.

१४ एप्रिल
पेन दोन मधल्या बोटांत धरून जमतंय. हळू होतं. सर म्हणाले, "वाक्यं छोटी कर. विशेषणं काढ. अडलीस तर दोन ओळी मोकळ्या सोडून पुढे जा, मागे परत येता येतं." कसं लागलं ते विचारलं नाही. बरंच झालं.

आजपासून वेळ वहिनी बघते. सातवी शिकलेली, पण मोबाइल मांडीवर ठेवून असं बसते जणू तीच परीक्षक. "मनू, तीस झाली." "मनू, साठ." मधे एक शब्द नाही. संपल्यावर मी तिला वाचून दाखवते. तिला न कळलेलं वाक्य मी खोडते. निबंध सुधारतोय तो त्यामुळे.

"वहिनी, माहेरी का नाही जात?"
"गेलेले ना दोनदा. त्यांनीच आणून सोडली." मग म्हणाली, "तू जा आधी. एक तरी जाऊ दे इथून."

१८ एप्रिल
एकोणनव्वद मिनिटं. वहिनीच्या गळ्यावर बोटांचे वळ आहेत.

२१ एप्रिल
परीक्षेसाठी उद्या सकाळची मुंबईची गाडी. शेवटचा सराव म्हणून चारला स्वयंपाकघरातच बसले, वहिनी भाकऱ्या थापता थापता वेळ बघणार होती. मी लिहिता लिहिता पुटपुटत होते ते ती ऐकत बसली, भाकऱ्या राहिल्या.

पाच वाजून गेल्यावर दादा आला. "जेवण कुठाय?" वहिनी उठेपर्यंत त्याने तिला भिंतीवर दाबलं. दोन्ही हात गळ्यावर. तिचा मोबाइल खाली पडला. चौदा मिनिटं उरलेली दिसत होती. मी ती बघितली. खरं सांगते, बघितली.

वहिनीच्या तोंडातून आवाज येईना. पाय जमिनीला लागत नव्हते. डोळे माझ्याकडे होते.

पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो पडला. रक्त भाकरीच्या पिठात गेलं. खूप रक्त.

आप्पांनी टीव्ही बंद केला. दारात आले, बघितलं आणि तिथेच खाली बसले.

वहिनीने माझ्या हातातून वरवंटा काढून घेतला. मोठ्याने खोकली, पाणी प्याली. म्हणाली, "मी मारलं. ऐकलंस? तू बंदरावर होतीस. हात धू." तोवर शेजारचे जमले. आप्पा पोलिसांना म्हणाले, "मी काही बघितलं नाही." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, बंदरावर होते.

दादाला रत्नागिरीला नेलं. वहिनीला जीपमध्ये बसवलं. जाताना तिने मला मान हलवून दाराकडे खूण केली – जा.

२२ एप्रिल
गाडीत बसले. मी खरंच गाडीत बसले.

२५ एप्रिल
भाषेचे दोन पेपर झाले होते. आज निबंध.

पहिल्या भागात तीन विषय. एक 'मौन'. त्याच्यावर माझ्याकडे एवढं होतं की म्हणूनच सोडला. पाण्यावरचा घेतला. दहा मिनिटं पेन खाली. हात दुखत होता, पण वाक्यं आपोआप छोटी पडत होती. दर तीस मिनिटांनी वहिनीचा आवाज येतोय असं वाटायचं. शहाऐंशी मिनिटं. दुसरा नव्वदला संपला. एकही ओळ मोकळी नाही.

इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. बाहेर येऊन नळापाशी हात धुतले.

संध्याकाळी आप्पांचा फोन. निलेश शुद्धीवर आलाय, एक बाजू हलत नाही, बोलत नाही. हेतलला – पहिल्यांदाच त्यांनी वहिनीचं नाव घेतलं – कोठडी वाढवून दिलीय. तिच्या माहेरचं कोणी आलं नाही.
"आप्पा, तुम्ही तरी खरं सांगा."
"तुझे पेपर होऊ देत."
त्यांनी फोन ठेवला.

सहा पेपर बाकी आहेत.

२६ एप्रिल
बॅग भरली. आत्माराम सरांना कळवलं, पुढचे पेपर देत नाही. ते म्हणाले, "निबंध कसा गेला?" मी म्हटलं, चांगला.

२७ एप्रिल
हर्णैला येऊन पोलीस ठाण्यात जबाब दिला. साहेबांनी विचारलं, "किती वेळा मारलंस?" मी म्हटलं, दोनदा. पहिल्याच फटक्यात त्याने वहिनीचा गळा सोडला होता, तो खाली पडला होता. दुसरा मी त्यानंतर घातला. हे वहिनीने कोणाला सांगितलं नाही. आणि मी इथेही लिहिलं नव्हतं.