न मागितलेली क्षमा

तारवॉय बेट,
सोमवार, १४ ऑक्टोबर १९६३

ऑडनी हिस,

रॅग्नफ्रिडचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. बाहेरच्या खडकावरची मेंढरं होडीतून घरी आणली, त्यातली एक पाय मोडून बसली. चुलीचं धुराडं साफ करून घेतलं. तुझी बोट बर्गनला वेळेवर लागली असेल. तुझं सगळंच वेळेवर होतं.

आता मुद्द्याचं. काल प्रार्थनाघरात तू मला जी क्षमा केलीस, ती परत घे.

हो, परत घे. मी मागितली नव्हती. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली तशी तू उठलीस, रुमाल काढलास आणि साठ माणसांसमोर म्हणालीस, "आई गेली तेव्हा माझ्या बहिणीने मला वेळेवर कळवलं नाही. नऊ वर्षं आईची सेवा करून ती थकली होती, शेवट जवळ आलाय हे तिच्या लक्षात आलं नाही. मी तिला क्षमा केली आहे. शांती आपण होऊन दारात येत नाही, तिच्या मागे धावावं लागतं."

आणि धावलीस की! बाकांमधून थेट माझ्यापर्यंत, हात पसरून. मी काय करणार होते? साठ जण आमेन म्हणत होते. धरला तुझा हात.

कुत्रं मेंढराच्या मागे लागतं तशी तू शांतीच्या मागे लागतेस. मेंढराला काय वाटतं ते कोणी विचारत नाही.

मग कॉफीच्या वेळी दुकानवाली मालेना माझ्या ताटलीत वाफल वाढत म्हणाली, "आता कसं हलकं वाटत असेल ना गं?"

"वाफल कच्चं आहे," मी म्हटलं.

"बहीण बघ कशी मिळाली तुला! दुसरी असती तर तुझं तोंड पाहिलं नसतं."

नऊ वर्षं आईचं अंथरूण मी बदललं. तू नाताळला यायचीस, तिचे केस विंचरायचीस, दोन गाणी म्हणायचीस आणि निघून जायचीस. पुढे वर्षभर ती "ऑडनीचा हात किती मऊ" हेच सांगत बसायची. माझे हात गोठ्यातले. मला त्याचं काही वाटत नाही असं मी आजवर म्हणत आले. वाटतं. फार वाटतं.

पण क्षमा परत घे म्हणते ती यासाठी नाही. तू भलत्याच गोष्टीची क्षमा केलीस. मी थकले नव्हते. मला सगळं कळत होतं.

मार्चमधल्या त्या गुरुवारी डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "धाकटीला बोलावून घ्या." वादळाने फोनच्या तारा तुटल्या त्या पुढे शनिवारी; तोवर फोन चालू होता. डॉक्टर गेल्यावर लगेच मी दुकानातून फोन करायला कोट चढवून निघाले, तेवढ्यात आईची हाक आली. तिला दिसत नव्हतंच, दाराचा आवाज तेवढा ऐकू आला.

"ऑडनी, आलीस का गं?"

मी म्हटलं, "हो आई, आले."

आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद नेणाऱ्या मुलाची बायबलमधली गोष्ट आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलो. त्याने निदान भावाच्या केसाळ हातांसारखे लागावेत म्हणून हातांना कातडं गुंडाळलं होतं. मी माझे हात पाठीमागे धरले, तिला लागू दिले नाहीत. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझं नाव घेऊन आशीर्वाद दिला. नऊ वर्षांत तो हात माझ्या डोक्यावरून एकदाही फिरला नव्हता.

मी कोट काढून ठेवला. तू आली असतीस तर मी कोण ठरले असते? शुक्रवारी दुकानात गेले, साखर घेतली आणि घरी आले. फोन समोर भिंतीवर होता. तुला घेऊन येऊ शकली असती ती शुक्रवारची बोटही आली आणि गेली.

आणखी एक आहे, आणि तेच घशाखाली उतरत नाही. आशीर्वादानंतर आई म्हणाली, "ऑडनी, रॅग्नफ्रिडला सोडू नकोस. तुसडी आहे ती, आपण होऊन कधी यायची नाही. तूच जा तिच्याकडे. तिने दार लावलं तरी जा."

हा निरोप तुझ्यासाठी होता. सात महिने मी तो दाबून ठेवला. आणि काल तू, तो न मिळताच, बाकांमधून चालत आलीस. म्हणून तुझा इतका संताप आला. तुला चार लोकांत मिरवायचं होतं असं मी कालपासून स्वतःला बजावते आहे. थोडं होतंच तसं. पण तेवढंच नव्हतं, हेही मला कळतं.

आता तुला सगळं ठाऊक आहे. कालची क्षमा माझ्या कामाची नाही. याची करता येते का ते पाहा. नाही आली तर त्याच साठ माणसांपुढे तसं सांग, मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन.

हे पत्र उद्याच्या टपालाने निघेल. मी गुरुवारच्या बोटीने निघते. आपण होऊन कधी यायची नाही असं आई म्हणाली होती; येते आहे. दार लावलंस तरी येईन.

तुझ्या नावाचा आशीर्वाद घेतलेली,
रॅग्नफ्रिड