बुडालेल्या गावाचे फोटो

११ सप्टेंबर २०२५, राहुरी
साइट उघडत नाही! सकाळपासून नुसतं पांढरं पान.
मुळा धरणात गेलेल्या गावाचं ऑनलाइन प्रदर्शन — दोन वर्षांची मेहनत. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा प्रशांत तेव्हाच म्हणाला होता, "मॅडम, फुकटच्या साइटवर भरवसा नको. आपल्याच सर्व्हरवर ठेवू. दिसायला रुक्ष, पण फोटो आपल्याकडे राहतील." मला रुक्ष नको होतं. नकाशावर टिचकी मारली की घर उघडणारी साइट हवी होती. दिसण्याला भुलले. लोकांच्या घरचे जुने फोटो मोबाईलवर स्कॅन करून थेट चढवत गेले आणि जागा भरली की मोबाईलमधून उडवत गेले.

१२ सप्टेंबर
कंपनीला मेल केले. उत्तर नाही. प्रशांत म्हणतो, गाशा गुंडाळला असेल.
मूळ फोटो लोकांच्या घरी आहेत. पुन्हा स्कॅन करता येतील. घाबरायचं नाही.

१५ सप्टेंबर
अविधवा नवमी, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस. धरणामुळे उठलेल्यांच्या नव्या गावठाणात आधी भागिरथीबाईंकडे गेले. त्यांच्याकडे आईचा एकच फोटो — जुन्या घराच्या दारात, कडेवर छोट्या भागिरथीबाई. म्हटलं, तो स्कॅन करायला पुन्हा एकदा द्याल का?
"त्यो व्हय? सकाळीच धरनात सोडला. तुमीच म्हनला न्हवता का, आता कायमचा ऱ्हाईल? मंग म्हनलं, आईला तिच्या घरी पोचवावं. घर तितंच हाय की, पान्याखाली."
किती समाधानानं सांगत होत्या! मी चहा प्यायले आणि निघाले.
काल रविवार होता. काल आले असते तर!

१६ सप्टेंबर
सांगायला हवं.

१८ सप्टेंबर
नाही सांगितलं. फाट्यावरून गाडी परत फिरवली. बाकीच्यांकडे फोटो मागायला गेले तर विचारतील, पुन्हा कशाला? मग भागिरथीबाईंच्या कानावर जाणारच. पुन्हा त्या गावात मला कोण दारात उभं करेल?
रविवारी जाईन. आधी त्यांना सांगेन, मग बाकीच्यांचे फोटो.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री अमावस्या. निघतच होते, तर भागिरथीबाईंचा फोन. मागे बायकांचा गलका, वारा.
"बाई, धरनावरनं बोलतीय. माजं बघून समद्याच आल्या, टेम्पो करून. सोडले सगळ्यांनी आपापले फोटो. आता तुमच्यापाशीच हायेत समदे. संबाळा."